अमेरिकेतील स्कूल डिस्ट्रिक्ट शालेय वयाची मुले कशी मोजतात? होमस्कूलिंगसह वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत मुलांचे शिक्षण शाळेऐवजी घरीच करण्याचा (होमस्कूलिंगचा) विचार करणाऱ्या, किंवा मुलांना घेऊन एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मराठी पालकांना हे प्रश्न हमखास पडतात. शिक्षणाचे कायदे तेथे राज्यागणिक बदलतात, म्हणून खालील उत्तरांत जेथे नियम एखाद्या राज्यापुरता आहे तेथे त्या राज्याचे नाव दिले आहे.

स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे नेमके काय? आपल्याकडच्या जिल्हा परिषदेसारखे का?

नाही. स्कूल डिस्ट्रिक्ट ही केवळ सार्वजनिक शाळा चालवण्यासाठी असलेली स्थानिक संस्था असते. बहुतेक ठिकाणी तिचे मंडळ मतदारांनी निवडून दिलेले असते आणि तिच्या उत्पन्नाचा मोठा भाग मालमत्ता करातून येतो. देशभरात असे सुमारे 13,000 डिस्ट्रिक्ट आहेत. हवाई राज्यात सगळ्या बेटांचा मिळून एकच डिस्ट्रिक्ट आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये तो बहुधा एका गावापुरता असतो, तर मेरीलँडमध्ये संपूर्ण काउंटीचा, म्हणजे राज्याच्या एका प्रशासकीय विभागाचा, असतो. डिस्ट्रिक्टची हद्द आणि शहराची हद्द एकच असेल असे धरून चालू नये. टेक्सासमधील फ्रिस्को डिस्ट्रिक्टमध्ये फ्रिस्कोखेरीज प्लेनो आणि मॅकिनी या शहरांचेही काही भाग येतात, त्यामुळे पत्त्यात प्लेनो लिहिणाऱ्या कुटुंबाची मुले फ्रिस्कोच्या हिशेबात असू शकतात. मुलांच्या संख्येविषयीचे निम्मे घोळ या हद्दींतून निर्माण होतात, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त ठरणार नाही.

“आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये मुले किती?” या साध्या प्रश्नाला तीन वेगवेगळी उत्तरे का मिळतात?

कारण मोजणी तीन प्रकारची असते आणि प्रत्येकीचा हेतू वेगळा असतो. पहिली पटसंख्या, म्हणजे ठरलेल्या दिवशी डिस्ट्रिक्टच्या शाळांच्या पटावर किती नावे आहेत याची मोजणी. दुसरी सरासरी दैनिक हजेरी, म्हणजे पटावरच्या मुलांपैकी प्रत्यक्षात दररोज सरासरी किती मुले वर्गात बसली याचा हिशेब. तिसरी रहिवासी मुलांची गणना. तीत मूल सरकारी शाळेत जाते, खासगी शाळेत जाते, घरी शिकते की कोठेच शिकत नाही हे न पाहता ते त्या हद्दीत राहते एवढेच पाहिले जाते. घरी शिकणारी मुले पहिल्या दोन मोजण्यांत जवळजवळ नसतातच, तिसरीत मात्र असतात. म्हणून एखादा आकडा समोर आला की तो खरा की खोटा हे ठरवण्याआधी तो यांपैकी कोणत्या मोजणीचा आहे हे विचारावे.

पटसंख्या कोणत्या दिवशी घेतली जाते?

हे राज्य ठरवते. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क येथे ऑक्टोबरचा पहिला बुधवार हा त्यासाठी ठरलेला आहे, न्यू जर्सीत 15 ऑक्टोबर, मॅसॅच्युसेट्समध्ये 1 ऑक्टोबर, विस्कॉन्सिनमध्ये सप्टेंबरचा तिसरा शुक्रवार आणि टेक्सासमध्ये ऑक्टोबरचा शेवटचा शुक्रवार. मिशिगनमध्ये मोजणी ऑक्टोबर आणि फेब्रुवारी अशी दोनदा होते आणि अनुदानाच्या सूत्रात ऑक्टोबरच्या आकड्याला 90 टक्के तर फेब्रुवारीच्या आकड्याला 10 टक्के वजन देण्याची पद्धत आहे. तेव्हा मोजणीच्या आठवड्यात शाळेकडून “आज मुलाला नक्की पाठवा” असा निरोप आला तर त्यामागे मुलाच्या अभ्यासाइतकीच शाळेच्या तिजोरीचीही काळजी असते.

हजेरीवर अनुदान अवलंबून असते हे खरे आहे का?

काही राज्यांत खरे आहे. कॅलिफोर्निया आणि टेक्सास ही त्यांतील सर्वांत मोठी राज्ये. तेथे मूल पटावर असून वारंवार गैरहजर राहिले तर डिस्ट्रिक्टला मिळणारी रक्कम कमी होते. बाकीच्या बऱ्याच राज्यांत अनुदानाचा पाया पटसंख्या हाच आहे.

एके काळी हे पैसे तिसऱ्याच पायावर वाटले जात, तो म्हणजे रहिवासी मुलांच्या गणनेवर. गावात शालेय वयाची मुले जितकी, तितका राज्याच्या शाळानिधीतील वाटा, मग ती मुले शाळेत जावोत अथवा न जावोत. साहजिकच मुले मोजण्याचा उत्साह दांडगा आणि ती शाळेत आणण्याची निकड कमी, अशी स्थिती अनेक ठिकाणी होती. शिक्षणाच्या अर्थकारणाचे अभ्यासक एलवूड कबर्ली यांनी 1905 मध्ये या पद्धतीवर कडक टीका केली आणि पुढे हळूहळू बहुतेक राज्ये पट व हजेरी यांकडे वळली. जुनी पद्धत पूर्णपणे नाहीशी मात्र झालेली नाही. विस्कॉन्सिनचे उदाहरण पुढे येईल.

घरी शिकणारे मूल डिस्ट्रिक्टच्या पटसंख्येत धरले जाते का?

साधारणपणे नाही. पालकांनी स्वतःच्या जबाबदारीवर घरी शिकवायला सुरुवात केली की मुलाचे नाव पटावरून निघते आणि त्याच्या नावे मिळणारे राज्याचे अनुदानही थांबते. याला दोन अपवाद नीट लक्षात ठेवावेत.

पहिला अपवाद अर्धवेळ प्रवेशाचा. विस्कॉन्सिनमध्ये घरी शिकणाऱ्या मुलाला सार्वजनिक शाळेत एका सत्रात दोन विषयांपर्यंतच्या तासांना बसता येते. आयोवातही दुहेरी नोंदणीची सोय आहे. अशा मुलाची मोजणी पूर्ण विद्यार्थी म्हणून न होता अंशाने होते.

दुसरा अपवाद वस्तुतः गैरसमज आहे, परंतु तो इतका पसरलेला आहे की त्याचा उल्लेख टाळता येत नाही. सार्वजनिक ऑनलाइन शाळेत किंवा चार्टर शाळेच्या (सरकारी पैशावर पण स्वतंत्र व्यवस्थापनाखाली चालणाऱ्या सार्वजनिक शाळेच्या) स्वयंअध्ययन कार्यक्रमात नाव घातलेले मूल दिवसभर घरीच बसून शिकत असले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते सार्वजनिक शाळेचे विद्यार्थी असते. ते पटावर असते, त्याच्या नावे अनुदान येते, त्याच्या चाचण्याही होतात. पालक “आम्ही होमस्कूलिंग करतो” असे म्हणतात आणि सर्वेक्षणातही तसेच सांगतात. शाळेची वही वेगळेच सांगते. एकच मूल दोन ठिकाणी मोजले जाण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

आम्ही घरी शिकवतो हे डिस्ट्रिक्टला मुळात कळते कसे?

ते आपण कोठे राहता यावर अवलंबून आहे. न्यूयॉर्कमध्ये पालकांनी दरवर्षी 1 जुलैपर्यंत डिस्ट्रिक्टच्या अधीक्षकांना लेखी सूचना द्यावी लागते, त्यानंतर वर्षाचा शिक्षण आराखडा आणि तिमाही अहवाल द्यावे लागतात. पेन्सिल्व्हेनियात दरवर्षी 1 ऑगस्टपर्यंत शपथपत्र किंवा तत्सम घोषणापत्र सादर करावे लागते. मॅसॅच्युसेट्समध्ये नुसती सूचना पुरत नाही, आधी मंजुरी घ्यावी लागते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये या मंजुरीच्या मर्यादा आखून दिल्या आहेत. विस्कॉन्सिनमध्ये पालक दरवर्षी 15 ऑक्टोबरपर्यंत राज्याच्या शिक्षण विभागाकडे एक ऑनलाइन नमुना भरतात. कॅलिफोर्नियात अनेक पालक स्वतःच्या घराची खासगी शाळा म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात राज्याकडे प्रतिज्ञापत्र दाखल करतात, म्हणजे कागदावर ते मूल “घरी शिकणारे” नसून एका अतिशय लहान खासगी शाळेचे विद्यार्थी ठरते.

याउलट न्यू जर्सी, टेक्सास, आयडाहो, मिशिगन यांसारख्या राज्यांत पालकांवर कळवण्याचे बंधन नाही. न्यू जर्सीच्या कायद्यात शाळेच्या तोडीचे शिक्षण अन्यत्र देण्याची मुभा आहे. टेक्सासमध्ये 1994 च्या निकालानुसार घरची शाळा ही खासगी शाळाच मानली जाते. या राज्यांत मूल आधी सार्वजनिक शाळेत असेल तर ते काढून घेताना डिस्ट्रिक्टला कळते. ज्या मुलाने शाळेत कधी पाऊलच टाकले नाही, ते कोणत्याही यादीवर नसते. म्हणूनच न्यू जर्सीच्या एखाद्या टाउनशिपमध्ये (म्हणजे गावात) घरी शिकणारी मुले नेमकी किती, असे विचारल्यास तेथील कार्यालयाला प्रामाणिकपणे “सांगता येत नाही” असेच उत्तर द्यावे लागेल. त्यात कोणाची हयगय नाही. तशी नोंद ठेवण्याची कायद्याची अपेक्षाच नाही.

रहिवासी मुलांची गणना आजही कोणी करते का? घरोघर माणसे येतात का?

घरोघर जाऊन नावे टिपण्याचा काळ बहुतेक ठिकाणी मागे पडला आहे, गणना मात्र चालू आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये वर्षाच्या सुरुवातीला गावाच्या क्लार्कच्या कार्यालयाकडून प्रत्येक घरी एक फॉर्म येतो. 1 जानेवारी रोजी घरात कोण राहत होते हे त्यात भरायचे असते. नव्याने आलेली कुटुंबे हा फॉर्म मतदारयादीचा असावा, आपण नागरिक नाही, आपला काय संबंध, असे समजून बाजूला ठेवतात. वास्तविक तो नागरिकांपुरता नसून सर्व रहिवाशांसाठी आहे, आणि गावात पुढील काही वर्षांत शाळेत येऊ शकणारी मुले किती, याचा अंदाज शिक्षण समितीला त्यातूनही येतो.

त्याच राज्याचा शिक्षण विभाग 1 जानेवारीच्या स्थितीप्रमाणे गावनिहाय “शाळेत जाणाऱ्या मुलांचा” तक्ता प्रसिद्ध करतो. त्यात गावच्या सार्वजनिक शाळेतील मुले, व्यावसायिक शाळांतील मुले, चार्टर शाळांतील मुले, दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये जाणारी मुले, खासगी शाळांतील मुले आणि घरी शिकणारी मुले असे वेगवेगळे रकाने असतात. मंजुरीची अट असल्यामुळे घरी शिकणाऱ्यांचा रकाना भरायला डिस्ट्रिक्टकडे कागद असतो. आमच्या पाहण्यात या विषयावरचे इतके स्वच्छ तक्ते क्वचितच येतात. अनुदानाचे सूत्र मात्र या तक्त्यावर चालत नाही; ते 1 ऑक्टोबरच्या, डिस्ट्रिक्टवर ज्यांच्या खर्चाची जबाबदारी आहे अशा मुलांच्या संख्येवर चालते, आणि त्यात घरी शिकणारे मूल नसते.

विस्कॉन्सिनची पद्धत आणखी निराळी आहे. तेथे प्रत्येक डिस्ट्रिक्टला 30 जून रोजी आपल्या हद्दीत राहणाऱ्या, वयाची 4 वर्षे पूर्ण झालेल्या पण 20 पूर्ण न झालेल्या सर्वांची संख्या राज्याला कळवावी लागते. मूल सार्वजनिक शाळेत असो, खासगी असो, घरी शिकत असो, शाळा सोडून कामाला लागलेले असो किंवा हायस्कूल संपवून बसलेले असो, या गणनेत ते एकच. या आकड्यावर राज्याच्या ‘कॉमन स्कूल फंड’ या निधीचे उत्पन्न वाटले जाते आणि ते शालेय ग्रंथालयांसाठी वापरायचे असते. या निधीची मुळे 1848 च्या राज्यघटनेत आणि संघराज्याने शाळांसाठी दिलेल्या जमिनींत आहेत. परिणामी घरी शिकणाऱ्या मुलाच्या नावेही डिस्ट्रिक्टच्या ग्रंथालयाला पुस्तकांचे पैसे येतात. ते मूल त्या ग्रंथालयात कधी जाईल की नाही हा प्रश्न वेगळा, पण पालकांना हे ठाऊक असलेले बरे.

संघराज्य सरकार डिस्ट्रिक्टनिहाय मुले मोजते का?

मोजते असे म्हणण्यापेक्षा अंदाज बांधते असे म्हणणे अधिक बरोबर. सेन्सस ब्युरो, म्हणजे संघराज्याचे जनगणना खाते, दरवर्षी प्रत्येक डिस्ट्रिक्टसाठी तीन आकडे काढतो: एकूण लोकसंख्या, 5 ते 17 वयाची मुले आणि त्यांपैकी गरीब कुटुंबांतील मुले. गरीब मुलांसाठीचे ‘टायटल वन’ या नावाने ओळखले जाणारे अनुदान, जे 1965 च्या कायद्यापासून चालत आले आहे, त्याचे वाटप प्रामुख्याने या आकड्यांवर होते. हा अंदाज राहण्याच्या ठिकाणावर आधारलेला असल्याने घरी शिकणारे मूलही त्यात येते.

याच ब्युरोचे ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ हे सर्वेक्षण दरवर्षी सुमारे 35 लाख पत्त्यांवर जाते. त्यात शिक्षणाविषयीचा प्रश्न असा आहे की गेल्या तीन महिन्यांत ही व्यक्ती शाळेत वा कॉलेजात गेली का, आणि गेली असल्यास सार्वजनिक की खासगी. घरच्या शिक्षणासाठी वेगळा पर्याय नाही. खासगी शाळा, खासगी कॉलेज आणि होमस्कूल यांचा एकच चौकोन आहे. त्यामुळे या सर्वेक्षणातून “खासगी” म्हणून निघालेल्या संख्येत घरी शिकणारी मुले मिसळलेली असतात. स्थानिक वृत्तपत्रांतून हा आकडा बिनदिक्कत खासगी शाळांचा म्हणून छापला जातो.

एकूण मुलांतून सार्वजनिक आणि खासगी शाळांतील मुले वजा केली, तर उरलेली घरी शिकणारी म्हणता येतील का?

म्हणता येणार नाहीत. शाळा मंडळाच्या बैठकांत हा हिशेब फार आवडीने मांडला जातो, म्हणून तो का चुकतो हे थोडे सविस्तर पाहू.

एक काल्पनिक डिस्ट्रिक्ट घ्या. सर्वेक्षणाच्या अंदाजानुसार तेथे 5 ते 17 वयाची 5,200 मुले आहेत. सार्वजनिक शाळांच्या पटावर 4,400 आहेत, खासगी शाळांनी 500 कळवली आहेत. उरली 300. परंतु 5,200 हा अंदाज आहे आणि त्याच्या शेजारी, बहुधा लहान अक्षरांत, चूकमर्यादा दिलेली असते. ती समजा 350 असेल, तर उरलेली संख्या शून्याच्या खालीही असू शकते आणि 650 सुद्धा असू शकते. इतक्या सैल आकड्यावर घरच्या शिक्षणाविषयी काहीही ठरवणे योग्य नाही.

शिवाय वयाचा मेळ बसत नाही. पटावर बालवर्गातील चार वर्षांची आणि बारावीतील अठरा वर्षांची मुले असतात, अंदाजात ती नसतात. जागेचा मेळही बसत नाही, कारण दुसऱ्या डिस्ट्रिक्टमधून येणारी मुले पटावर दिसतात आणि येथून चार्टर शाळेत किंवा शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये जाणारी मुले दिसत नाहीत. खासगी शाळा तर आपल्या आवारातील मुले कळवते, ती कोणत्या हद्दीत राहतात याची तिला चिंता नसते. काळाचाही मेळ नाही, कारण लहान डिस्ट्रिक्टसाठी सर्वेक्षणाचा आकडा पाच वर्षांच्या नमुन्यांवर काढलेला असतो आणि पट एका दिवसाचा असतो.

तेव्हा उरलेल्या मुलांना “शिक्षणाबाहेर हरवलेली मुले” म्हणणे हे जितके अन्यायाचे, तितकेच त्यांना सरसकट होमस्कूलिंगच्या खात्यात टाकून चळवळ वाढल्याचा दावा करणे हेही चुकीचे. दोन्ही बाजूंकडून हे घडते.

देशभरात घरी शिकणारी मुले किती आहेत?

राष्ट्रीय शैक्षणिक सांख्यिकी केंद्राच्या कुटुंब सर्वेक्षणांनुसार 1999 मध्ये ही संख्या सुमारे 8.5 लाख, म्हणजे 1.7 टक्के होती. 2012 मध्ये ती सुमारे 18 लाख म्हणजे 3.4 टक्के झाली आणि 2019 मध्ये 2.8 टक्के आढळली. कोविडच्या काळात सेन्सस ब्युरोच्या झटपट सर्वेक्षणात, शालेय वयाची मुले असलेल्या कुटुंबांपैकी घरी शिकवणाऱ्यांचे प्रमाण 2020 च्या वसंतात 5.4 टक्के होते, ते त्याच वर्षीच्या शरदात 11.1 टक्के झाले. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिले आकडे मुलांचे आहेत, दुसरे कुटुंबांचे. त्यांची सरळ तुलना होत नाही. आणि शरदात प्रश्नाची शब्दरचना बदलून, शाळेच्या ऑनलाइन वर्गांना होमस्कूलिंग समजू नये असे स्पष्ट केले होते.

पुढील वर्षी मुले किती येतील हे डिस्ट्रिक्ट कसे ठरवतो?

सर्वांत रूढ पद्धत अशी: पाच वर्षांपूर्वी हद्दीत किती जन्म झाले आणि आज किंडरगार्टनमध्ये (पहिलीच्या आधीच्या वर्गात) किती मुले आली यांचे गुणोत्तर काढायचे, मग प्रत्येक इयत्तेतून पुढच्या इयत्तेत किती मुले जातात याचे गुणोत्तर काढायचे. समजा पहिलीत 300 मुले होती आणि पुढील वर्षी दुसरीत 306 झाली, तर गुणोत्तर 1.02. काही वर्षांची सरासरी घेऊन तीच साखळी पुढे चालवायची आणि नव्या घरांच्या प्रकल्पांतून येणारी मुले वेगळी जोडायची.

या गुणोत्तरात घरी शिकायला गेलेली मुले घट म्हणून येतात, पण ती घट होमस्कूलिंगमुळे झाली की कुटुंब गाव सोडून गेल्यामुळे, हे गुणोत्तर सांगत नाही. गाव सोडलेले मूल बहुधा परत येत नाही. घरी शिकणारे मूल पुढे माध्यमिक वर्गात परत येऊ शकते. 2020 च्या शरदात देशातील सार्वजनिक शाळांचा पट सुमारे 3 टक्क्यांनी घसरला, तेव्हा हा फरक न ओळखता त्या एका वर्षाची गुणोत्तरे पुढे चालवणे धोक्याचे होते. जन्माऐवजी जनगणनेतील लहान मुलांचा आकडा वापरणाऱ्यांनीही सावध राहावे. 2020 च्या जनगणनेत 0 ते 4 वयाच्या मुलांची मोजणी, ब्युरोच्या स्वतःच्या विश्लेषणानुसार, 5.46 टक्क्यांनी कमी झाली होती.

आम्ही व्हिसावर आहोत. आमची मुले मोजली जातात का?

होय. रहिवासी मोजणीत नागरिकत्वाचा संबंध येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 1982 च्या ‘प्लायलर’ निकालानंतर इमिग्रेशनच्या कारणावरून सार्वजनिक शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. भाडेकरार, वीजबिल असे राहण्याचे पुरावे मात्र मागितले जातात.

विशेष गरजा असलेले मूल घरी शिकत असेल तर डिस्ट्रिक्टची काही जबाबदारी आहे का?

अपंगत्व असलेली मुले शोधून काढणे आणि त्यांचे मूल्यमापन करणे हे संघराज्याच्या कायद्याने डिस्ट्रिक्टचे कर्तव्य आहे, आणि मूल पटावर नाही म्हणून ते संपत नाही. पुढे प्रत्यक्ष सेवा मिळतील की नाही, हे त्या राज्याचा कायदा घरच्या शिक्षणाला खासगी शाळा मानतो की नाही यावर बरेचसे अवलंबून असते. मूल्यमापनाची मागणी लेखी करावी.

मुलाला शाळेतून काढताना कोणती काळजी घ्यावी? आम्ही भारतात परत जाणार असू तर?

नुसते शाळेत पाठवणे थांबवू नये. तसे केल्यास मूल पटावर राहून गैरहजर ठरते आणि सक्तीच्या हजेरीच्या कायद्याखाली नोटीस येऊ शकते. काढून घेत असल्याचे पत्र द्यावे, त्यात तारीख आणि कारण स्पष्ट लिहावे, पोच घ्यावी.

हायस्कूलच्या वयात हे विशेष महत्त्वाचे, कारण चार वर्षांत उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण काढताना दुसरीकडे गेलेले किंवा देश सोडलेले मूल त्या तुकडीतून वजा करण्यासाठी शाळेला लेखी आधार लागतो. तो नसेल तर मूल शाळा सोडलेल्यांत गणले जाते. टेक्सासमध्ये यासाठी सांकेतिक क्रमांकच ठरलेले आहेत: घरी शिकवण्यासाठी शाळा सोडली तर 60, मायदेशी परतल्यामुळे सोडली तर 16. तेथून पुण्याला परतणाऱ्या कुटुंबाने “फॅमिली मूव्ह्ड” एवढे मोघम सांगून निघण्याऐवजी भारतात परत जात असल्याचे लिहून द्यावे आणि त्याच वेळी गुणपत्रके, लसीकरणाची नोंद व शाळा सोडल्याचे पत्र यांच्या सहीशिक्क्यासह प्रती मागून घ्याव्यात. भारतातील शाळेत नाव घालताना दाखल्याची मागणी होते आणि सुट्टीच्या महिन्यांत तिकडचे कार्यालय गाठणे कठीण जाते.